मंत्रीबाईंची जाऊ

धाकटी जाऊ मंत्री झाली, त्या दिवशी थोरली गोठ्यात उकिडवी बसून गाईच्या खुरातला खडा काढत होती. गाय आडदांड. एक लाथ नेमकी थोरलीच्या नडगीवर बसली होती आणि ती कळ गिळून तशीच काम रेटत होती. एवढ्यात तिचा नवरा धापा टाकत गोठ्याच्या दाराशी आला.

"अगं, शपथ घेतायत. टीव्हीवर दाखवतायत. चल लवकर."

"कोण घेतंय?"

"कोण काय कोण? आपली धाकटी. राज्यमंत्री झाली."

"आधी हिचा पाय धरा," थोरली म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं पाय धरला. खडा निघाला. थोरलीनं जखम धुतली, हळद दाबली, मग हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. रोज धुवायची त्याहून जरा सावकाशच. दूध संकलन केंद्रात पोचेपर्यंत शपथ होऊन गेली होती. अर्धं गाव तिथल्या लहानशा टीव्हीपुढे दाटीवाटीनं उभं होतं. केंद्रवाल्यानं तिला पाहिलं आणि कुणाला तरी खुर्चीवरून उठवलं.

"वहिनी, पुढे या. तुमच्या घरातली मंत्री आहे, तुम्ही मागे कशाला?"

ती बसली. पडद्यावर तेच पुन्हा दाखवायला लागले. धाकटी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभी होती, हातात कागद होता, आणि कुठेही न अडखळता ती वाचत होती. तिच्या मागे मोठमोठी माणसं बसलेली. गावातली माणसं मात्र पडद्याकडे थोडा वेळ आणि थोरलीच्या तोंडाकडे जास्त वेळ बघत होती. थोरली हसली. हसून हसून गाल दुखायला लागले तरी तिनं हसू उतरू दिलं नाही.

शेजारची शिंपीण तिच्या कानाशी वाकली. "हिला दूधसुद्धा काढता येत नव्हतं ना हो?"

"नव्हतं," थोरली म्हणाली. त्या अख्ख्या दिवसात तेवढाच एक क्षण तिला बरा गेला.

आणि ते खरंच होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला कडब्याच्या धुळीनं शिंकांवर शिंका यायच्या. ती धारेला बसली की गाय पान्हा चोरायची. वैरण कापायला दिली तर बोट कापून घ्यायची. पण दारात आलेल्या माणसाशी ती कितीही वेळ बोलू शकायची, आणि वाण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सरळ करून वाचायची. थोरली तेव्हा तिची कामं निस्तरायची आणि मनातून खूश असायची. कारण घरात कुणाचा हात मोठा, ते रोज सगळ्यांना दिसायचं.

मग त्या वर्षी गावाचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. गावातली चार जाणती माणसं पडवीत येऊन बसली. थोरली दाराआड चहाची किटली धरून उभी होती.

"थोरल्या सूनबाईंना उभं करा," त्यातला एकजण सासऱ्यांना म्हणाला. "सरळ बाई आहे. गावात कुणाशी वाकडं नाही."

किटलीचा कान हाताला चटका देत होता, पण थोरलीनं तो सोडला नाही. पुढचं ऐकायला ती दाराला आणखी टेकली.

सासरे खाकरले. "थोरलीवाचून माझा गोठा एक दिवस चालायचा नाही. धाकटीला घ्या. तिचा तसाही घरात काही उपयोग नाही."

सगळे हसले. आतल्या खोलीत धाकटीही हसली. थोरलीनं बाहेर जाऊन सगळ्यांना चहा दिला.

सासऱ्यांचं ते बोलणं तिनं पुढे जन्मभर जपून ठेवलं. एका बाजूनं ते तिचं कौतुक होतं आणि दुसऱ्या बाजूनं सुरी. सासरे वारले तेव्हाही तिला आधी तेच आठवलं. मी उपयोगाची होते म्हणून मला ठेवून घेतलं, ती निरुपयोगी होती म्हणून तिला जग दिलं. असा हिशेब तिनं मनाशी मांडला होता आणि त्या हिशेबावरच तिचे दिवस निघत होते.

धाकटी मात्र थांबली नाही. सरपंच झाल्यावर पहिले काही महिने ती नवरा दाखवेल तिथे सही करायची. मग एक दिवस तिनं रस्त्याच्या कामावरून साहेबाच्या टेबलापुढे ठिय्या दिला आणि रस्ता करून घेतला. गावोगावच्या बायका तिला बोलवायला लागल्या. ती जिल्हा परिषदेवर निवडून गेली. पुढे पक्षात दोन पुरुष तिकिटावरून भांडत बसले आणि तिसरी म्हणून तिला तिकीट मिळालं. ती आमदार झाली, पुन्हा झाली, आणि आता मंत्री.

तिची एकेक पायरी वर गेली तसं थोरलीचं काम वाढत गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा थोरलीकडे. धाकटीच्या मुलीची वेणी, ताप, शाळा थोरलीकडे. ती पोरगी शिकायला बाहेर गेली तेव्हा गाडीत बसताना थोरलीच्या गळ्यात पडून रडली. त्याच रात्री धाकटी टीव्हीवर कुठल्याशा सभेत म्हणाली, "माझ्या घरच्यांनी मला साथ दिली."

घरच्यांनी. थोरलीनं तो शब्द कितीतरी दिवस दातांत अडकलेल्या काडीसारखा जिभेनं चाचपला.

*

धाकटीला खातं मिळालं पाटबंधाऱ्यांचं. गावानं पेढ्यासारखी ती बातमी वाटली. कारण गाव होतं कालव्याच्या अगदी शेपटाला. पाणी सुटलं की वरची गावं पिऊन घ्यायची आणि इथे यायचा तो ओला गाळ. आता आपलीच बाई, आता पाटाला पूर येईल, असं जो तो म्हणू लागला.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी एकेक करून आटल्या. पोहरा तळाला आपटल्याचा आवाज लांबून ऐकू यायचा. हिरवा चारा संपला, मग वाळला संपत आला. थोरली उसाची वाळकी पानं तोडून आणायची आणि मिठाच्या पाण्यात भिजवून गाईंपुढे टाकायची. तिच्या हातांना त्या पानांनी बारीक बारीक चिरा पडल्या. गाई पानं हुंगायच्या आणि तिच्याकडे बघायच्या.

पाणी सुटलं, पण ते वरच्या गावांच्या पुढे आलंच नाही. मग माणसं थोरलीच्या दारात यायला लागली.

"तुम्ही शब्द टाका, वहिनी. तुमचं ऐकेल."

"तिच्या नवऱ्याला सांगा," थोरली म्हणायची.

"तो फोन उचलत नाही. तुम्ही थोरल्या. तुमचा मान वेगळा."

मान शब्द ऐकून तिला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यापायीच ती एके दिवशी नवऱ्याला घेऊन एस्टीनं निघाली. मंत्रीबाई तालुक्याच्या विश्रामगृहात येणार होत्या.

फाटकावरच्या शिपायानं नाव, गाव, काम विचारून चिठ्ठी आत पाठवली. थोड्या वेळानं एक तरुण सहायक बाहेर आला. त्याच्या दोन्ही हातांत फोन होते.

"काम काय आहे, मावशी?"

"मी त्यांची थोरली जाऊ."

"हो हो," तो म्हणाला. "आज सगळे नातेवाईकच आलेत. बसा तिकडे."

ती बाकावर बसली. तिथे आधीच बसलेली माणसं तिच्याकडे बघून सरकली, ती जागा द्यायला की वासानं, ते तिला कळलं नाही. तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले. टाचांच्या भेगांत शेण बसलेलं होतं, ते घासून निघत नाही. धाकटा दीर पांढऱ्या कपड्यांत फोनवर बोलत समोरून गेला.

"अरे, वहिनी? आधी सांगायचं नाही का? थांबा, आत सांगतो." असं म्हणून तो आत गेला आणि विसरला. जेवणाची झाकलेली ताटं आत गेली आणि रिकामी बाहेर आली. नवरा म्हणाला, "जाऊ या का घरी?" थोरलीनं नुसती नकाराची मान हलवली. ती आता हट्टाला पेटली होती.

शेवटी तिला आत बोलावलं. खोलीत गारवा होता. भिंतीशी तीन अभियंते नकाशा धरून उभे होते. धाकटी खुर्चीतून उठली आणि तिचे हात हातात घेतले. धाकटीचे तळवे गादीसारखे मऊ लागले.

"ताई, केव्हापासून बसलात? मला कुणी सांगितलंच नाही."

"पाणी पाहिजे," थोरली म्हणाली. घरून ठरवून आणलेलं सगळं बोलणं तिच्या डोक्यातून गेलं होतं.

धाकटीनं तिला बसवलं. "ताई, वरच्या गावांत प्यायला नाही. आपल्याकडे निदान विहिरी आहेत."

"आटल्या."

"टँकर पाठवते. पण पाट नाही सोडता येणार. मी माझ्याच गावाला आधी पाणी दिलं तर उद्या पेपरात येईल."

"येऊ दे की."

एका अभियंत्यानं हसू लपवायला नकाशा वर घेतला. थोरलीनं ते पाहिलं. धाकटीनंही पाहिलं, पण त्याला ती काही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "जेवून जा हं, ताई. एवढ्या लांबून आलात."

थोरलीला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे गाड्यांचे ड्रायव्हर जेवत होते. तिला कडकडून भूक लागली होती म्हणून ती जेवली, आणि जेवली म्हणून परतीच्या एस्टीत तिला स्वतःचीच चीड आली. धाकटी म्हणाली ते काही खोटं नव्हतं. वरच्या गावांत खरंच प्यायला नव्हतं. हे कळत होतं, आणि त्यानंच राग जास्त पेटत होता. निदान ती चुकीची तरी असायला हवी होती.

टँकर आले. ते माणसांपुरतं झालं. पुढच्या बाजारी थोरलीनं दोन गाई विकल्या. त्यातली एक तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. व्यापाऱ्यानं तिचा जबडा उघडून दात बघितले, बरगड्यांवर थाप मारली, आणि थोरली दुसरीकडे बघत उभी राहिली.

*

वीटभट्टीवाला आला तो त्यानंतर. धाकटीच्या पक्षाशी त्याचं जुनं वैर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणूक तोंडावर आलेली. तो पडवीत न बसता थेट गोठ्यात आला आणि चांगल्या बुटांनिशी शेणात उभा राहिला. ते थोरलीला आवडलं.

"वहिनी, तुम्ही उभ्या राहा."

"कशाला?"

"आमदारकीला. अपक्ष. जीप माझी, माणसं माझी."

थोरली हसली. "मला बोलता येत नाही."

"तिला तरी कुठे येत होतं?" तो म्हणाला. "सरपंचकीला पहिलं नाव तुमचंच आलं होतं. माझे वडील होते त्या बैठकीत. खुर्ची तुमची होती, वहिनी."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. तिच्या हातातलं घमेलं जड झालं आणि तिनं ते खाली ठेवलं.

तिनं रात्रीच्या जेवणात नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"घर फुटेल," तो म्हणाला.

"तुम्ही माझ्यासाठी एकदा तरी बोलला होतात का त्या दिवशी? पडवीत बसला होतात ना?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग ताट उचलून धुवायला गेला. इतक्या वर्षांत स्वतःचं ताट त्यानं पहिल्यांदाच धुतलं. थोरलीनं अर्ज भरला.

धाकट्या दिरानं फोनवर आकाशपाताळ एक केलं. धाकटीचा फोन आला नाही. ती स्वतःच आली, भर दुपारी, गाडी गावाबाहेर ठेवून पायी. थोरली गोठ्यात होती. एका गाईची कास दगडासारखी झाली होती. गरम पाण्याचा शेक देत देत ती सडातली गुठळी पिळून काढत होती आणि गाय वेदनेनं थरथरत होती.

धाकटी दाराशी उभी राहिली. कडब्याच्या धुळीनं तिला शिंक आली.

"शिंगं धर हिची," थोरली वर न बघता म्हणाली.

मंत्रीबाईंनी शिंगं धरली. बराच वेळ दोघी तशाच काम करत राहिल्या.

"ताई, तुम्ही उभ्या राहिलात तर मी पडेन. आणि तुम्हीही पडाल. समोरच्या पक्षाचा तो वकील निवडून येईल."

"मग येईल."

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे? सांगा तरी. मी देते."

"तू देणार," थोरली म्हणाली. "बघ, तूच देणार. मामंजींनी माझी खुर्ची उचलून तुला दिली, कारण मी कामाची होते. आता तू त्यातलं मला देणार."

 गाईनं मान झटकली तशी धाकटीची पकड सुटली, तिनं शिंगं पुन्हा धरली.

"मामंजींनी नाही दिली," ती म्हणाली.

"मी ऐकलंय. दाराआड होते मी. थोरलीवाचून गोठा चालायचा नाही, असं म्हणाले."

"ते मी त्यांना सांगितलं होतं, ताई. माणसं यायच्या आदल्या दिवशी. मामंजी झोपाळ्यावर बसले होते. मी जाऊन म्हटलं, मला उभं करा. ते म्हणाले, आणि थोरली? मी म्हटलं, त्यांच्यावाचून तुमचा गोठा एक दिवस चालणार नाही. माझा तसाही घरात काही उपयोग नाही." ती क्षणभर थांबली. "शब्द न् शब्द माझाच होता. ते दुसऱ्या दिवशी नुसते म्हणाले."

थोरलीचे हात थांबले. गरम पाण्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"त्यांना वाटत होतं, तुम्ही येऊन काहीतरी म्हणाल," धाकटी म्हणाली. "माणसं येऊन गेल्यावरही दोन दिवस ते वाट बघत होते. मला भीती होती तुम्ही मागाल. तुम्ही मागितलंच नाही."

थोरलीला वाटलं, ही आता रडेल. ती रडली नाही. थोरलीला रडावंसं वाटत होतं, पण खुर्चीसाठी नव्हे. सासऱ्यांचं ते एक कौतुक तिच्याजवळ होतं, तेसुद्धा हिचंच निघालं होतं.

"झालं," ती म्हणाली. "सोड गाईला. आणि जा."

"माघार घेणार नाही का?"

"नाही."

धाकटीनं शिंगं सोडली. हात कशाला पुसावेत ते तिला कळेना. मग तिनं ते आपल्या पांढऱ्या कपड्यांनाच पुसले आणि ती निघून गेली.

*

पहिल्या सभेत थोरलीचा आवाजच फुटला नाही. भट्टीवाल्याच्या माणसानं लिहून दिलेलं भाषण हातात तसंच राहिलं आणि मागच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तिनं कागद घडी करून ठेवला.

"मी माझ्या जावेला भेटायला गेले होते," ती म्हणाली. "मला सांगितलं, सगळे नातेवाईकच असतात, बसा तिकडे."

बायका हसल्या. मग तिनं बाक सांगितला, ताटं सांगितली, नकाशामागचं हसू सांगितलं. ड्रायव्हरांच्या खोलीतलं जेवण सांगितलं आणि म्हणाली, "भूक लागली होती, मी जेवले." तेव्हा हसणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीनं कुठे ना कुठे तसं जेवण जेवलेलं होतं. थोरलीला ते त्यांच्या तोंडांवर दिसलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. आपलं बोलणं समोरच्यांच्या आत उतरताना बघायची ही चव धाकटीला इतकी वर्षं रोज मिळत होती तर. या चवीसाठी ती दोन दोन दिवस घरी यायची नाही. थोरलीला तिचा नव्यानं हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता कशाचा हेवा करायचा ते तिला नीट कळलं होतं.

ती गावोगाव बोलत सुटली. शेपटाच्या गावांना पाणी आधी, पाटाचं दार कुणी बंद केलं तर मी स्वतः येऊन उभी राहीन, असं ती सांगायची. घसा बसला की गरम पाणी पिऊन पुन्हा बोलायची. घरी यायला संध्याकाळ व्हायची आणि नवरा वेड्यावाकड्या धारा काढून बसलेला असायचा.

एकदा जीपमागे उभी राहून ती पायातला काटा काढत होती. पलीकडे भट्टीवाला कुणाशी तरी बोलत होता.

"छे हो, ही कसली निवडून येतेय. हिनं तिची मतं खायची, बास. मग वकील आपलाच आहे."

थोरली एका पायावर तशीच उभी राहिली. इथेही ती उपयोगाचीच होती. तिनं काटा काढला, चप्पल घातली, पुढे येऊन जीपमध्ये बसली.

"पुढचं गाव कुठलं?" तिनं विचारलं.

तिला तेव्हाच उतरता आलं असतं. पण पुढच्या गावात बायका वाट बघत होत्या, आणि तिला बोलायचं सोडवेना.

निकाल लागला. वकील आला. धाकटी थोडक्यात पडली. थोरलीला जेवढी मतं पडली, त्यांच्या निम्म्यानंही धाकटी तरली असती. गावात थोरली पुढे होती. बाकी सगळीकडे ती तिसरी.

धाकटी घरी परत आली. लाल दिव्याची गाडी गेली, शिपाई गेला, फोनवाला सहायक वकिलाकडे लागला. दीर दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहायचा. आणि मग थोरलीनं कल्पनाही केली नव्हती ते सुरू झालं. माणसं यायला लागली. मोठ्या गाड्यांतून, लांबलांबून. धाकटीपुढे खाली मान घालून बसायची, फार वाईट झालं म्हणायची, पुढच्या वेळी बघून घेऊ म्हणायची. सगळे तिला अजून बाईसाहेबच म्हणत होते.

चहा थोरली करत होती. एक म्हातारे पुढारी कप घेताना तिच्याकडे बघून थांबले.

"तुम्हीही उभ्या होतात ना?"

"होते."

"वा वा," ते म्हणाले आणि पुन्हा धाकटीकडे वळले.

हरण्यातसुद्धा हिचंच मोठं. थोरली चुलीपुढे बसून हसली, ते हसू तिचं तिलाच बरं वाटलं नाही. पडली तर दोघीही होत्या. हिच्या पडण्याला आवाज होता.

हळूहळू गाड्या यायच्या थांबल्या. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. धाकटी सकाळी गोठ्यात यायला लागली. नाकाला फडकं बांधून ती शेण उचलायची, निम्मं सांडायची. थोरली तिला काही म्हणायची नाही आणि मागून पुन्हा झाडून घ्यायची.

असं चाललं असताना एके दिवशी सकाळी शिंपीण आली. तिचा जमिनीचा तुकडा पाटाच्या अगदी टोकाला. धावत आली असावी, तिला धड बोलता येत नव्हतं. धाकटी दाराशीच होती. ती घमेलं ठेवून पुढे झाली, सवयीनं.

"काय झालं, बोल."

शिंपिणीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिला ओलांडून आत बघितलं. "वहिनी आहेत का?"

थोरली गव्हाणीपाशी होती.

"वहिनी, पाणी सुटलंय आणि वरच्या गावांनी साहेबाला सांगून आपल्या पाटाचं दार कुलूप घालून बंद करून घेतलंय. माझं पीक माना टाकतंय. तुम्ही म्हणाला होतात, येऊन उभी राहीन."

थोरलीनं आधी धाकटीचं तोंड पाहिलं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. ओठ हसायला तयार, गालांना ओढ बसलेली, आणि डोळे कुठे ठेवावेत ते न कळलेले. थोरलीला आतून गोड वाटलं, आणि वाटलं तेवढ्यापुरतंच. कारण पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं हात धुतले. शिंपीण बाहेर जाऊन थांबली.

"कुणाला भेटायचं असतं गं?" थोरलीनं धाकटीला विचारलं.

धाकटी घमेल्याकडे वाकली होती, ती सरळ झाली.

"शाखा अभियंत्याला. पाटावरच्या चौकीतच बसतो. तो म्हणेल वरून आदेश नाही. कुलपाची किल्ली त्याच्याच खणात असते."

"मग?"

"खुर्ची दिली तरी बसायचं नाही. बसलं की तो चहा मागवतो आणि दिवस जातो. बायका घेऊन जा, दहापाच. दारातच उभ्या राहा."

"तूही चल."

"नको," धाकटी म्हणाली. तिनं नाकावरचं फडकं वर ओढलं आणि घमेलं उचललं. "मी आले तर तो माझ्याशीच बोलेल."

ते खरं होतं. थोरलीला त्याचा संताप आला, आणि तिनं आपल्यासाठी मागे राहावं याचाही आला. तिनं चप्पल पायात सरकवली, शिंपिणीला म्हणाली, "वाटेत तुझ्या बहिणीला हाक मार," आणि पाटाच्या वाटेनं झपाझप चालायला लागली.